ओंकारआप्पांचं ओझं

ओंकारआप्पांनी पहिल्याच भेटीत माझा कंगवा मोडला. रागानं नव्हे. हातात घेतला, तळव्यावर ठेवून डोळे मिटून जोखला आणि कटकन दोन तुकडे केले. एक माझ्या हाती दिला, दुसरा आमच्या ओसरीतल्या कोनाड्यात ठेवला.

"इतला बस," म्हणाले. एवढा पुरे.

मी नाशिकचा. अहिराणी कानावर पडायला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. त्यामुळे आधी वाटलं, हा माणूस मला बसायला सांगतोय. मी बसलो. तेही समोर बसले आणि त्यांनी माझ्या होल्डॉलचे पट्टे सोडायला सुरुवात केली.

तळोद्याला मी देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, म्हणून बदलून आलो होतो. त्या काळी देवीच्या साथीची धास्ती गावोगाव असे, आणि थंडीच्या महिन्यांत आम्ही लस घेऊन सातपुड्यातल्या पाड्यांवर पायी जात असू. एकदा डोंगर चढला की दोन-तीन मुक्काम करूनच खाली उतरायचं. आप्पा या कामात चौदा-पंधरा वर्षं मुरलेले. मूळचे प्रकाशाचे, तापीकाठच्या शेतकरी घरातले. अंगानं काटकुळे, पन्नाशीचे, डोक्याला पांढरा फेटा. वरिष्ठांनी मला त्यांच्याबरोबर फिरून काम शिकायला सांगितलं होतं. मी शिकायला गेलो तो लस कशी टोचायची हे. त्यांनी आधी शिकवलं ते सामान कसं टाकायचं हे.

माझ्या बायकोनं, यमुनेनं, तीन दिवस खपून तो होल्डॉल भरला होता. सतरंजी, उशी, रग, लोकरी कोट, दोन सदरे, दोन धोतरजोड्या, आरसा, कंदील, छत्री, तांब्या-फुलपात्र, मेतकूट, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि लाडवांचा पितळी डबा. शिवाय नाशिकहून खास आणलेली नवी चामड्याची बॅग. आप्पा एकेक वस्तू उचलायचे, तळव्यावर धरायचे आणि विचारायचे, "हाई कसाले?" हे कशाला?

मी कारण सांगायचो. ते ऐकायचे. मग वस्तू तीन ढिगांपैकी एकात जायची. एक ढीग लागणाऱ्या वस्तूंचा, एक न लागणाऱ्यांचा. तिसऱ्या ढिगाचं नाव 'तुम्हीच सांगा'. हा तिसराच सगळ्यांत मोठा झाला. त्यातलं काही मी घ्यायचं ठरवलं की ते माझ्याकडे असं बघत, जणू मी चुकलोय. ठेवून द्यायचं ठरवलं तरी तसंच बघत.

"उशी कसाले?"

"डोक्याखाली घ्यायला."

"डोकं शे ना तुमले?"

"डोकं आहे म्हणूनच उशी लागते, आप्पा."

त्यांनी यावर बराच वेळ विचार केला आणि उशी तिसऱ्या ढिगात ठेवली. आत दाराशी उभ्या असलेल्या यमुनेला हसू आवरेना. पण लाडवांचा डबा दुसऱ्या ढिगात गेला तेव्हा ती बाहेर आली.

"अहो, लाडूसुद्धा नाही न्यायचे?"

"लाडू नेवाना ताई, लाडू नेवाना," आप्पा घाईनं म्हणाले. "डबा नही नेवाना." त्यांनी लाडू फडक्यात बांधले, रिकामा डबा तिच्या हाती दिला आणि एक लाडू तिथंच तोंडात टाकला. "हाऊ एक मी पोटमा लई जास."

चामड्याच्या बॅगेचं काय करायचं यावर मात्र आमचं अडलं. मला ती प्रिय होती. आप्पा म्हणाले, चला, हिला तोलून येऊ. आम्ही केसरीमलजींच्या दुकानी गेलो. ते मूळचे मारवाडातले, त्यांच्या आजोबांपासून तळोद्यात किराण्याचं दुकान. आप्पांना पाहताच त्यांनी न विचारता मोठ्या तराजूतली मिरच्यांची पाटी उतरवली.

"मन्ही दुकानमा लोके वजन लेवाले येतस," ते मला म्हणाले, "हाऊ आप्पा वजन देवाले येस."

रिकामी बॅग अडीच शेर भरली. माझे दोन्ही सदरे, एक धोतर आणि रग यांचं मिळून वजन तेवढं नव्हतं.

"पाहा," आप्पा म्हणाले. "तुम्ही पहिले पिशवी लिधी आनि मंग तिले भरी ऱ्हायनात. पहिले सामान ठरावा. मंग त्या सामानले पुरी इतलीच पिशवी. मोठी पिशवी भूकी ऱ्हास."

परतताना त्यांनी दुहेरी विणीचा मांजरपाट घेतला आणि चार दिवसांत स्वतः बसून मला पिशवी शिवून दिली. तोंडाला नाडी, दोन्ही खांद्यांवरून येणारे खाटेच्या नवारीचे पट्टे, आणि खालून कमरेला बांधायची एक रुंद पट्टी. पाणी आत जाऊ नये म्हणून वरून अळशीचं तेल दोनदा चोळून उन्हात वाळवलं. तिचा वास घरात इतका भरला की यमुनेनं ती पहिले पंधरा दिवस ओसरीवरच टांगून ठेवली. कमरेची पट्टी कशाला, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, डोंगरातल्या बाया पोराला पाठीशी कसं बांधतात पाहिलंत का? भार कमरेवर आला की खांदा मोकळा राहतो. हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला वाटलं, आता या माणसाचं सगळंच सरळ असणार.

तसं नव्हतं. पहिल्याच फेरीत चढ लागण्याआधी, नाल्याकाठी आम्ही पाणी प्यायला थांबलो, तेव्हा मी त्यांच्या पिशवीत डोकावलो. आत एक घोंगडी, एक धोतर, लशीच्या काचनळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं बांबूचं पोकळ पेर, टोचायची सुई, स्पिरिटचा छोटा दिवा, चार सुटे कागद. आणि खड्यांचं मीठ. थोडंथोडकं नव्हे, दोन शेर तरी असेल.

"आप्पा, माझा कंगवा मोडलात आणि हे दोन शेर मीठ?"

"पाय दुखना का गरम पानीमा टाकानं," ते म्हणाले.

दुसऱ्या मुक्कामी कुणाशी तरी बोलताना मी त्यांना हेच मीठ बैलासाठी आहे असं सांगताना ऐकलं. आमच्याबरोबर बैल नव्हता. प्रत्यक्षात ते ज्या झोपडीत भाकरी खात, तिथून निघताना बाईच्या हातात एक खडा ठेवत. डोंगरात पीठ मिळायचं, मीठ मिळायची मारामार. एवढं साधं कारण त्यांनी मला कधीच का सांगितलं नाही, कोण जाणे.

वरच्या कचेरीतूनही त्यांना बोलणी बसली होती. नोंदीचं जाडजूड सरकारी रजिस्टर ते नेतच नसत. सुट्या कागदांवर नावं लिहून आणत आणि घरी बसून उतरवून काढत. एका साहेबांनी विचारलं, "रजिस्टर कुठंय?" आप्पा म्हणाले, "ते घर सांभाळी ऱ्हायनं." साहेबांना हसावं की रागवावं ते कळलं नाही. मलाही आप्पांच्या बाबतीत नेहमी तेच व्हायचं.

बरं, हा माणूस घरीही असाच असेल म्हणावं, तर मी एकदा प्रकाशाला त्यांच्या घरी गेलो आणि दारातच अडखळलो. मोडक्या पाभरी, फुटकी मडकी, चाकाच्या धावा, सुतळीची भेंडोळी, जुन्या चपलांचा ढीग. पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्या पत्नी, काशीकाकू, पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाल्या, "हाऊ मानूस घरमाईन सुतळीबी फेकू देस नही, भाऊ. आनि तठे डोंगरमा म्हने लोकेस्ना कंगवा मोडस!" आप्पा लाजल्यासारखे हसले आणि तापीचं पात्र दाखवायला मला बाहेर घेऊन गेले.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सुरू होते पहिल्याच हिवाळ्यात.

मोलगीच्या अलीकडे एका गावी आम्ही सकाळी पोचलो. त्या वेळी रिवाज असा होता की सरकारी माणूस आला की गावच्या पोलीस पाटलानं त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत न्यायला दोन माणसं द्यायची. मजुरीचा प्रश्नच नसे. याला वेठ म्हणत. माणसं शेतातून उठवून आणत. पाटलानं आम्हाला पाहताच दोघा पावरा आदिवासींना बोलावलं. त्यांतला एक चाळिशीचा, रुंद छातीचा, कानात चांदीची बाळी. नाव वेस्त्या. आप्पांनी नुसती पाठीवरची पिशवी दाखवली आणि मान हलवली. पाटील म्हणाला, जशी मर्जी.

माझी अवस्था मात्र वाईट होती. आप्पांनी कितीही कापलं तरी मी यमुनेच्या आग्रहाखातर काही वस्तू गुपचूप परत भरल्या होत्या. लोणचं होतं, लोकरी कोट होता, आणि खरं सांगायचं तर उशीही होती. पट्टे खांद्यात रुतत होते. आप्पा पुढे गेले तसं मी वेस्त्याला खूण केली. तो मुकाट्यानं पुढे झाला. मी पिशवी त्याच्या डोक्यावर दिली आणि मोकळ्या अंगानं चालू लागलो. किती छान वाटलं म्हणून सांगू! मी इकडची तिकडची झाडं बघायला लागलो.

अर्ध्या कोसावर वळणाशी आप्पा आमची वाट बघत उभे होते. त्यांनी वेस्त्याच्या डोक्यावरची पिशवी पाहिली. पुढे आले, ती उतरवून घेतली, पट्टे सैल केले आणि स्वतःच्या पुढ्यात, छातीवर अडकवली. पाठीवर त्यांची, पोटावर माझी. वेस्त्याला पावरी बोलीत काहीतरी सांगितलं. तो परत न जाता आमच्या मागून मोकळ्या हातांनी चालत राहिला.

"आप्पा, द्या ती. मी घेतो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या."

"माझा खांदा फार दुखत होता हो."

तेव्हा ते थांबले. आवाज चढवला नाही. "तुमना खांदा दुखी ऱ्हायना, तर तुमनाच दुखू द्या. त्याना कसाले?"

पुढचे दोन कोस मी त्यांच्या मागून रिकामा चाललो. तसं चालणं पिशवीपेक्षा जड होतं. मुक्कामी पोचल्यावर त्यांनी माझी पिशवी उघडली, उशी काढली, दोन्ही हातांनी नीट झटकली आणि त्या झोपडीतल्या एका म्हाताऱ्याच्या पाठीमागे टेकू म्हणून ठेवली. त्याबद्दल पुन्हा कधी विषय काढला नाही.

तळोद्याला परतल्यावर मी केसरीमलजींना हे सांगितलं. त्यांनी दुकानात कुणी नाही असं पाहून आवाज खाली आणला. म्हणाले, आप्पा नवे होते तेव्हा त्यांच्याकडे पत्र्याची मोठी पेटी होती. वेठीचा एक माणूस ती डोक्यावर घेऊन घाट उतरत होता, पाय घसरला, पेटीसकट खाली गेला. मेला.

हे ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. पण पुढच्या फेरीत त्या पोलीस पाटलाला छेडलं तर तो म्हणाला, छे, ती पेटी आप्पांची नव्हतीच. आप्पांच्या वरच्या कुणा साहेबाची होती, आप्पा नुसते मागून चालत होते. आणि माणूस मेलाही नाही, पाय मोडला, पुढे कित्येक वर्षं जगला. मग खरं काय? एके दिवशी धीर करून मी आप्पांनाच विचारलं. ते लशीच्या नळ्या मोजत होते.

"जड व्हती पेटी," एवढंच म्हणाले, आणि नळ्या पहिल्यापासून मोजायला लागले.

कुणाची पेटी, हे नाही. त्या माणसाचं काय झालं, हे नाही. मी वाट बघत बसलो. नळ्या मोजून झाल्या तरी त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात मोलगीच्या बाजारातून बातमी खाली आली की पलीकडच्या एका पाड्यावर देवी निघाल्यात. वरून साहेब निघणार होते, पण त्यांचा तंबू, खुर्ची, भांडी आणि ती उचलायला माणसं जमेपर्यंत दोन दिवस जाणार. आप्पा म्हणाले, आपण निघू. पिशव्या खुंटीवर तयारच होत्या. आम्ही निघालोही. कोपऱ्यावरून मात्र त्यांनी ओसरीवर परत जाऊन आपली घोंगडी काढून ठेवली आणि तिच्या जागी लशीचं आणखी एक पेर भरलं.

"आप्पा, वर थंडी मरणाची असेल."

"आखो एक पाडा व्हई येमा," ते म्हणाले. यात आणखी एक पाडा होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा पाडा रिकामा होता. चुली गरम, कोंबड्या हिंडतायत, माणूस एक नाही. सरकारी माणसं दिसली की लोक वेठीच्या धास्तीनं रानात पळत, हे मी ऐकलं होतं, प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. एका झोपडीत तेवढी एक बाई अंगभर फोड आलेल्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला पळता आलं नसावं. आप्पा दाराबाहेर बसले. पिशवी उतरवून शेजारी ठेवली आणि काहीच केलं नाही. मी म्हणालो, हाका मारूया. ते म्हणाले, बसा. मी म्हणालो, लस खराब होईल. ते म्हणाले, पाणी शिंपडा आणि बसा.

मला वाटलं, यांना काही सुचत नाहीये. आजही वाटतं, तेव्हा त्यांना खरंच काही सुचत नव्हतं.

मग नाल्याच्या बाजूनं वेस्त्या आला. तो मूळचा याच बाजूचा आहे हे मला तेव्हा समजलं. त्यानं आप्पांकडे पाहिलं, आमच्या दोन पिशव्यांकडे पाहिलं, आमच्या मागच्या रिकाम्या पायवाटेकडे पाहिलं. मग वळून रानात गेला. त्याची हाक कितीतरी वेळ या टेकडीवरून त्या टेकडीवर जात राहिली. हळूहळू एकेक करून लोक आले. म्हातारे आधी, बाया-पोरं नंतर.

सूर्य मावळेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही देवी काढल्या. शेजारचे दोन पाडेही झाले. घोंगडीच्या जागी आलेलं पेर संपलं. मांडीवरच्या त्या मुलीला आमचा काही उपयोग नव्हता, ती तिसऱ्या दिवशी गेली. पण पाड्यातली बाकीची पोरं राहिली. पुढच्या वर्षी मी ती हिंडताना पाहिली.

त्या कामाच्या मधल्या वेळात वेस्त्या माझ्याशेजारी येऊन बसला आणि बोलू लागला. मला पावरी येत नव्हती. त्यानं डोक्यावर दोन्ही हात धरून चालल्याचं दाखवलं. मग पाऊल निसटल्याचं. मग एक हात उताराच्या दिशेनं खाली, खूप खाली नेला. आप्पांकडे बोट केलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून एक शब्द दोनदा उच्चारला. तो बाप असा असावा, किंवा मोठा भाऊ, किंवा कदाचित मी असाच. मी मान हलवत राहिलो. त्याला वाटलं, मला समजलं. तो उठून गेला.

घोंगडीविना काढलेल्या थंडीनं आप्पांना ताप भरला. उतरायच्या दिवशी सकाळी ते उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले. मी त्यांची पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती पोटाशी धरली.

"मन्ही मीच लई जासू."

"आप्पा, तुम्हाला स्वतःला नेता येत नाहीये."

"येस माले."

चार पावलं गेले आणि झाडाला टेकले. मी त्यांच्याशी भांडलो, विनवलं, शेवटी त्यांच्या पिशवीतल्या वस्तू एकेक काढून माझ्या पिशवीत घालायला लागलो. त्यांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन जोखली आणि मगच सोडली. धोतर सोडलं, दिवा सोडला, सुई सोडली. रिकामी पिशवी मात्र पाठीवरून उतरवू दिली नाही. तरी त्यांना चालता येईना.

वेस्त्यानं एक लांब बांबू तोडून आणला. गावातल्या एका घोंगडीची झोळी करून त्याला बांधली. चौघे जण पाळीपाळीनं उचलणार होते. पुढचं टोक त्यानं स्वतः घेतलं. आप्पांना धरून झोळीत ठेवलं तेव्हा ते ओरडायला लागले.

"माले उतारी द्या रे! माले उतारी द्या! मी चालस!"

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते झोळीतून पाय बाहेर टाकत होते, बांबू डुलत होता. मी घाबरलो. याच उतारावर काही झालं तर? तेव्हा वेस्त्या थांबला. बांबू खांद्यावर तसाच ठेवून, मान जराशी मागे वळवून, तो आप्पांना एक वाक्य बोलला. छोटंसं, चार-पाच शब्दांचं. बाकीचे तिघे एकदम हसले. वेस्त्या हसला नाही. आणि आप्पांनी फेट्याचा शेव तोंडावर ओढून घेतला आणि ते गप्प झाले. खाली सपाटी लागेपर्यंत त्यांनी तो काढला नाही. झोळीचं कापड मधूनमधून हलत होतं. ते तापानं कुडकुडत होते की रडत होते, मला मागून कळलं नाही.

पायथ्याशी बैलगाडी मिळाली. चौघे परत फिरायला निघाले. आप्पांनी मला खूण करून उरलेलं सगळं मीठ त्यांना द्यायला लावलं. वेस्त्यानं आपला वाटा घेतला, मग त्यानं आप्पांच्या पायाला हात लावला की नुसती झोळीची गाठ सोडली, एवढ्या घाईत ते झालं की मला सांगता येणार नाही.

पंधरवड्यानं आप्पा बरे झाले. मी भेटायला गेलो आणि विचारलं, "वेस्त्या त्या दिवशी काय म्हणाला हो?"

"म्हनना का पाऊल संभाळा," आप्पा म्हणाले.

पण पाऊल तर त्याचं होतं. आणि त्यात तिघांना हसण्यासारखं काय होतं?

वर्षभरानं, मोलगीच्या वाटेवर त्याच उताराशी मी पुन्हा विचारलं. आप्पा त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "म्हनना का आप्पा पेटीपेक्षा हलका शे." आणि माझ्याकडे न बघता झपाझप पुढे गेले. मी तिथंच उभा राहिलो. यावर तिघं हसतील, हे पटत होतं. यावर आप्पा तोंड झाकतील, हेही पटत होतं. पण तो कुठल्या पेटीबद्दल, कुणाच्या वतीनं बोलला, हे विचारायला मी पळत जाऊन त्यांना गाठलं तेव्हा ते एका गुराख्याशी पावरीत गप्पा मारत होते.

माझी धुळ्याला बदली झाली तेव्हा निरोप घेताना मी शेवटचं विचारून पाहिलं. आप्पा गोंधळलेले दिसले.

"कोन, वेस्त्या? तो तं काहीच म्हनना नही, भाऊ."

मला वाटतं, ते खोटं बोलत नव्हते. पहिल्या दोन वेळीही खोटं बोलत नव्हते. मला त्या वाक्याचा आवाज आठवायचा, पण शब्द कधीच धरता आले नाहीत, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं. वेस्त्यालाच विचारायला हवं होतं हे मला धुळ्याला गेल्यावर सुचलं.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी काही कामानं मी शहाद्याला गेलो होतो. आप्पा केव्हाच निवृत्त होऊन प्रकाशाला राहायला गेले होते. परतताना सर्व्हिस मोटारीनं निघालो. उतरून भेटावं की नाही, या विचारात होतो. पुढची गाडी चुकली तर मुक्काम करावा लागणार, आणि घरी यमुना आजारी होती. ठरत नव्हतं.

प्रकाशाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं एक माणूस कडब्याचा प्रचंड भारा डोक्यावर घेऊन चालला होता. भाऱ्याखाली त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसत्या काटकुळ्या पोटऱ्या आणि गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर. त्याच्या पुढे दहा पावलांवर एक पावरा बाई चालली होती. डोंगरातून कापणीला उतरणाऱ्या मजुरांपैकी असावी. तिच्या पाठीशी मूल बांधलेलं होतं, डोक्यावर चुंबळ तशीच होती आणि दोन्ही हात रिकामे होते. ती मधूनमधून मागे वळून त्या माणसाला काही सांगत होती, बहुधा भारा परत मागत होती.

मोटार त्यांच्या शेजारून गेली. मी खिडकीतून अर्धा बाहेर झुकून ओरडलो, "आप्पा! ओ आप्पा!"

तो माणूस थांबला. डोक्यावर भारा असला की मान वळत नाही, आख्खं अंग फिरवावं लागतं. तो एकेक पाऊल टाकत, भारा सांभाळत, सावकाश माझ्याकडे फिरू लागला. मोटारीनं वेग घेतला होता. मागे धुळीचा लोट उठला आणि तो पुरता वळायच्या आत मला काही दिसेनासं झालं.